सासूबाईंना कुणी विचारलं का?

नाशिकच्या इंदिरानगर भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४२, शाळेत शिक्षिका. नवरा सातपूरला कारखान्यात. मुलगा नववीत, मुलगी चौथीत. सासूबाई सत्तरीच्या, मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन, गुडघे धरलेले. सासरे तोफखान्यात होते, देवळालीहून निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धात ते जैसलमेरच्या बाजूला होते. गेल्या वर्षी ते गेले. तेव्हापासून नवऱ्याने मनावर घेतलंय की आईला आणि मुलांना स्वतःच्या गाडीने जैसलमेर, सीमेजवळचं तनोटचं देऊळ आणि १९७१ ची लढाई झाली ते लोंगेवाला दाखवायचं. बेत असा, की दिवाळीच्या पाडव्याच्या रात्री जेवून निघायचं, रात्रभर गाडी मारायची आणि दुसऱ्या संध्याकाळी जैसलमेर गाठायचं. गाडी सीएनजीची, चालवणारा एकटा नवरा. ताईंना गाडी येते, पण "फक्त सिटीत". त्यांना भीती वाटते ती वाळवंटाची: वाळूची वादळं, रेंज नाही, दवाखाना नाही, गाडी बंद पडली तर कोण येणार. नणंद म्हणते, "दादाला एवढं वाटतंय, तर तू कशाला मोडता घालतेस?" ताईंचा प्रश्न: "सासऱ्यांच्या आठवणीला नाही म्हटल्यासारखं न होता हा बेत कसा मोडू?"

ताई,

तुमच्या पत्रात नवऱ्याचं म्हणणं आहे, मुलाचा उत्साह आहे, नणंदेचा टोमणासुद्धा आहे. सासूबाईंच्या तोंडचं मात्र एक वाक्य नाही. त्यांची साखर आहे, गुडघे आहेत, इन्सुलिनच्या वेळा आहेत. त्या स्वतः काय म्हणतात? नवऱ्याने गृहीत धरलं की आईला जायचंच आहे. तुम्ही गृहीत धरलं की त्यांना झेपणारच नाही. दोघंही त्यांच्या काळजीपोटीच बोलताय, पण त्यांच्याशी कुणी बोललेलं दिसत नाही.

थोडा हिशेब करून बघा. सासूबाई आज सत्तरीच्या, म्हणजे १९७१ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या. बहुधा लग्नसुद्धा व्हायचं होतं. लोंगेवाला ही त्यांची आठवण नाही, ती नवऱ्याकडून ऐकलेली गोष्ट आहे, आणि मुलाने ती लहानपणी जितक्या कान टवकारून ऐकली तितकी त्यांनी ऐकली असेलच असं नाही. फौजी माणसाच्या बायकोच्या आठवणी बऱ्याचदा रणांगणाच्या नसतातच, त्या क्वार्टरच्या असतात. कुठल्या छावणीत पहिला संसार मांडला, कुठे मूल झालं, कुठल्या शेजारणीने बाळंतपणात भाकरी करून दिली. उद्या त्या म्हणाल्या, "मला ते वाळवंट नको, आपण अमुक गावी होतो तिथे एकदा न्या," तर? मग बेत मोडायचा प्रश्नच उरत नाही, बेताचं ठिकाण बदलतं. किंवा त्या म्हणतील, "ह्यांनी आयुष्यभर सांगितलं ते एकदा बघायचंय मला." तसं झालं तर गुडघ्यांची सबब तुम्ही त्यांच्या वतीने सांगू नये.

विचारायचं कसं, हेही सांगते. जेवायच्या ताटावर, सगळ्यांसमोर, "आई, येणार ना?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "तुम्ही म्हणाल तसं." दुपारी दोघीच असाल, मेथी निवडत बसला असाल, तेव्हा सहज काढा. "बाबा तिथलं काय सांगायचे हो?" एवढंच. जायचं का, झेपेल का, हे त्या बोलण्यात नकोच. त्या किती वेळ बोलतात आणि कशावर बोलतात, त्यातून तुम्हाला कळेल.

आता तुमची भीती. ती खोटी नाही, फक्त ती चुकीच्या जागी बसलीय. राजस्थानातल्या आंधीचा, म्हणजे वाळूच्या वादळांचा, जोर मुख्यतः एप्रिल ते जून असतो. दिवाळीनंतर हवा निवळलेली असते. जैसलमेर हे जिल्ह्याचं ठिकाण आहे, तिथे सरकारी रुग्णालय आहे, औषधांची दुकानं आहेत, आणि सैन्याचा मोठा तळ असल्यामुळे रस्ते आपल्याकडच्या कित्येक राज्यमार्गांना लाजवतील असे आहेत. तनोट आणि लोंगेवाला दोन्हीकडे गाडी डांबरी रस्त्याने दारापर्यंत जाते, सासूबाईंना वाळू तुडवावी लागणार नाही.

मला भीती वाटते ती त्याआधीच्या हजारेक किलोमीटरची, आणि त्यातही पाडव्याच्या त्या रात्रीची. दिवसभर ओवाळणं, पाहुणे, फराळ. रात्री पोटभर जेवण. मग साडेदहाला स्टिअरिंगवर बसायचं, पेठ किंवा सापुताऱ्याचा घाट अंधारात उतरायचा आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला, म्हणजे शरीर झोपेसाठी सगळ्यात जास्त ओढ घेतं तेव्हा, गुजरातच्या हायवेवर ट्रकांच्या रांगेत असायचं. गाडीत चार माणसं झोपलेली आणि जागं राहायची जबाबदारी एकट्यावर. समृद्धीवर सिन्नरहून चढून लांब गेलेल्या कुणालाही विचारा, सरळ रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि मेंदू केव्हा पेंगला ते कळत नाही. बाडमेरच्या पुढे तसाच सरळ रस्ता आहे, वर अंधारात रस्त्यावर बसलेली गुरं आणि मधूनच उंट. "रात्री रस्ता मोकळा असतो" हे आपल्याकडच्या पुरुषांचं लाडकं वाक्य आहे. मोकळा असतो म्हणूनच वेग वाढतो.

म्हणून नवऱ्याशी बोलताना "वाळवंटात नको" म्हणू नका. त्याला ते बाबांच्या आठवणीला नकार दिल्यासारखंच ऐकू जाईल, आणि तो इंटरनेटवरून दहा व्हिडिओ काढून तुम्हाला गप्प करेल. "रात्री नाही, आणि एकट्याने नाही," एवढं म्हणा. ह्यावर वाद घालायला त्याच्याकडे काही नाही.

एकट्याने नाही, म्हणजे दुसरं कुणी? तुम्ही. "मला फक्त सिटीत येते" हे वाक्य मी पुष्कळ बायकांच्या पत्रांत वाचते. नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी सहाला गाडी काढणारी बाई अहमदाबाद–मेहसाणा रस्त्यावर चालवू शकत नाही, हे मला पटत नाही. हायवेला वेगळ्या सवयी लागतात: लेन धरून ठेवणं, आरशात बघत राहणं, ट्रकच्या मागे चिकटून न राहणं. निघण्याआधी दोन-तीन रविवार धुळ्याच्या रस्त्याला पिंपळगाव बसवंतपर्यंत जाऊन या, नवऱ्याला शेजारी बसवा आणि त्याला सूचना द्यायची बंदी घाला. तुम्ही रोज दोन तास चालवलंत तरी त्याला झोप मिळते. शिवाय चालवणाऱ्याला "आता थांबायचं" म्हणायचा अधिकार असतो. मागच्या सीटवरून तेच वाक्य कुरकुर ठरतं.

दिवसही बदला. पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, गुजरातमधली बरीच दुकानं आणि धंदे बंद असतात, गॅरेजवाले गावाला गेलेले असतात आणि निम्मा गुजरात गाड्या काढून राजस्थानच्या वाटेला लागलेला असतो. त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी, त्याच हॉटेलांच्या दारात तुम्ही कशाला? लाभपंचमी उलटून गेल्यावर, शाळेची सुट्टी शिल्लक असेल त्या दिवसांत निघा. डिसेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला, पण मग तुम्हा दोघांच्या रजा आणि मुलांची शाळा आडवी येईल. नाताळच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, तेव्हा जैसलमेरात खोली मिळवणं हाच एक प्रवास असतो. मुलगा नववीत आहे हेही ध्यानात घ्या, पुढच्या दिवाळीत त्याच्या क्लासचं वेळापत्रक घर चालवेल.

वाटेचं म्हणाल तर तीन दिवसांत जा. पहिल्या दिवशी उजाडल्यावर निघून अहमदाबाद किंवा जमलं तर मेहसाणा. दुसऱ्या दिवशी मोढेऱ्याचं सूर्यमंदिर बघून थराद, सांचोरवरून बाडमेर. पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर जवळच आहे आणि अप्रतिम आहे, पण ती जमिनीत खोल उतरत जाते. सासूबाईंनी वर थांबावं आणि तुमच्यापैकी एकाने त्यांच्याजवळ बसावं, नाहीतर सरळ सोडून द्यावी. तिसऱ्या दिवशी बाडमेरहून जैसलमेर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, दुपारच्या जेवणाला पोचाल. जाऊन-येऊन नऊ-दहा दिवस लागतील. तेवढी रजा नसेल, तर ओझरहून अहमदाबादला विमान मिळतं का ते त्या तारखांना बघा. नवरा आणि मुलगा गाडी घेऊन पुढे, तुम्ही तिघी विमानाने. बाप-लेकाला एकत्र एक अख्खा दिवस मिळेल, ज्याची पंधराव्या वर्षी बहुतेक घरांत वानवा असते.

ज्याबद्दल कुणीच लिहीत नाही ते आता लिहिते. वाळवंटात आपल्या घरातल्या बायका पाण्यावाचून आजारी पडत नाहीत. पाणी डिकीत असतं. त्या पाणी पीत नाहीत म्हणून आजारी पडतात. कारण पाणी प्यायलं की "जायला" लागणार, गाडी थांबवायला सांगावं लागणार, ढाब्याचं संडास घाण असणार, आणि गुडघे धरलेल्या बाईला उकिडवं बसताच येत नाही. मग सकाळपासून दोन घोट चहावर दिवस काढायचा. मधुमेह असलेल्या सत्तरीच्या बाईसाठी हे लोंगेवालाच्या रणगाड्यांपेक्षा धोक्याचं आहे. उपाय अगदी साधा आहे, फक्त लाज सोडून करायला हवा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबणारच, कुणी मागितलं असो वा नसो, हे आधीच जाहीर करा म्हणजे मागायची वेळ येत नाही. मोठ्या पेट्रोल पंपांवर थांबा. औषधांच्या आणि रुग्णसेवेच्या सामानाच्या दुकानांत घडीची कमोडची खुर्ची मिळते, ती डिकीत टाका. सोबत जुनी गडद साडी आणि दोरी, आडोशाला. नवरा हसेल. हसू दे.

डिकीवरून आठवलं. तुमची गाडी सीएनजीची, म्हणजे अर्धी डिकी टाकीने खाल्लेली. गुजरातमध्ये सीएनजी जागोजागी मिळेल, बाडमेरपासून पुढे त्याचा हिशेबच धरू नका. पेट्रोलवर गाडी नीट चालते का, हे निघण्याआधी चारशे-पाचशे किलोमीटर पेट्रोलवरच चालवून बघा. सीएनजीच्या गाड्यांची पेट्रोलची बाजू वापराविना कुरकुरते आणि ते नेमकं नको तिथे कळतं. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक दिसो, पाच-सहा वर्षांपलीकडच्या टायरवर घरची माणसं घेऊन हजार किलोमीटर जाऊ नये. स्टेपनीचीही तारीख बघा, ती बिचारी कुणी बघत नाही.

सासूबाईंचं इन्सुलिन डिकीत नको, डॅशबोर्डवर नको, आणि बर्फाला चिकटूनही नको. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. थंड पिशवीत, कापडात गुंडाळून, पायाशी सावलीत ठेवा. लागेल त्याच्या दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधी भेटा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी जास्त होणारी गोळी आहे का, प्रवासात तिचं काय करायचं, हे मुद्दाम विचारा. जेवण लांबलं की साखर उतरते, म्हणून दुपारचं जेवण "पुढचा ढाबा बघू" वर सोडायचं नाही. ग्लुकोजची पावडर हाताशी हवी. पायांकडे लक्ष द्या: मधुमेहात पायाला टोचलेलं कळत नाही आणि तिकडे काटे फार. अनवाणी वाळूत अजिबात नाही, तनोटच्या देवळात चपला काढायच्या तर मोजे घालून जायचं, आणि रोज रात्री तळपाय कुणीतरी दिव्याखाली बघायचे. हे काम मुलीला द्या. खाण्याची मात्र चिंता नको, बाजरीची भाकरी तिकडेही आहे. गुजरातमधल्या डाळीतला गूळ तेवढा सांभाळा.

प्रत्यक्ष वाळवंटाचा दिवस एकच आहे. जैसलमेर, रामगढ, लोंगेवाला, तनोट आणि परत, साधारण तीनशे किलोमीटरांचा फेरा. सकाळी लवकर निघा. टाकी जैसलमेरलाच पूर्ण भरा, रामगढच्या पुढे पंपाचा भरवसा धरू नका. माणशी चार-पाच लिटर पाणी, खाणं, आणि नकाशा मोबाइलमध्ये आधी उतरवून घेतलेला, कारण सीमेजवळ रेंज जाते-येते. सगळ्यांची आधार कार्डं जवळ हवीत. तनोटच्या पुढे सीमेकडे जायचं तर परवानगी लागते, त्याची चौकशी जैसलमेरातच करा. हॉटेलवाल्याला सांगून निघा की अंधार पडायच्या आत परत येतो, नाही आलो तर फोन लावा. गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, सावलीत थांबायचं. त्या रस्त्यावर लष्कराची आणि सीमा सुरक्षा दलाची वाहनं असतात. मदतीसाठी रेंज असेल तिथे ११२ लावा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

आणि गाडी डांबर सोडून वाळूत घालायची नाही. फोटोसाठीसुद्धा नाही. घरगुती गाडीची पुढची चाकं हां हां म्हणता रुततात, आणि ॲक्सिलरेटर दाबला की आणखी खाली जातात. झालंच तसं, तर चाकाभोवतीची वाळू हाताने उपसा, हवा निम्म्याच्या आसपास उतरवा, पायाखालच्या मॅट चाकाखाली घाला आणि आल्या वाटेने हळूच मागे घ्या. हवा परत भरायचा छोटा पंप जवळ असेल तरच हवा सोडा. जैसलमेरजवळच्या सम किंवा खुहडी गावी मुलांना जीपमधून वाळूत जायचं असेल तर जाऊ द्या, सासूबाईंना त्या जीपमध्ये बसवू नका. त्या धक्क्यांनी तरण्या माणसाचीही कंबर धरते.

लोंगेवालाला ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या सव्वाशेच्या आतल्या माणसांनी पाकिस्तानी रणगाड्यांची चढाई रोखून धरली, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमानं आली. ही गोष्ट मुलांना तिथे पाट्यांवर वाचायला मिळेलच. तुमच्या घरासाठी मला तनोट जास्त जवळचं वाटतं. १९६५ च्या युद्धात आजूबाजूला पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे त्या देवळात मांडून ठेवलेत, आणि देवळाची देखभाल सीमा सुरक्षा दलाचे जवान करतात. तोफखान्यातल्या माणसाच्या नातवंडांनी ते बघावं. येता-जाता खेजडीची झाडंही दाखवा. आपण दसऱ्याला पूजतो ती शमी हीच, आणि थाळीत येणारी सांगरी म्हणजे तिच्याच शेंगा.

सासूबाई खरोखर "नको" म्हणाल्या, तर? तर त्यांना घरी राहू द्या, नणंदेला चार दिवस बोलवा. टोमणा मारणाऱ्या माणसाला काम द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नवऱ्याला त्याचं वाईट वाटेल, कारण बहुधा हा प्रवास आईसाठी नाहीच, त्याच्यासाठी आहे. वडील गेल्यावर मुलगा असं काहीतरी शोधतो आणि नाव आईचं घेतो. हे त्याला तोंडावर सांगू नका. फक्त एकदा विचारा, "तुला स्वतःला तिथे काय बघायचंय?" आणि उत्तर देताना त्याचा आवाज बदलला, तर बेत मोडायचा विचार सोडून द्या, तारखा बदलायला बसा.

पहिला रविवार पिंपळगावचा. सकाळी सातच्या आत निघा, नंतर त्या रस्त्याला गर्दी होते.